जुन्या पियानोतील लाकडी भागांची दुरुस्ती आणि पुण्याची हवा

तारसप्तक

पुण्याच्या लष्कर भागातील जुन्या घरांत, काही शाळांत आणि चर्चमध्ये अजूनही इंग्लंडहून आलेले उभे पियानो आहेत. गेल्या काही वर्षांत जुनी घरे रिकामी होऊ लागल्यापासून त्यांतले काही कोथरूड, औंध, सहकारनगर अशा ठिकाणी शिकणाऱ्यांच्या घरी पोहोचत आहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र हे पियानो हलवल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात बोटांनी दाबायच्या पट्ट्या अडकू लागतात, मालक ओळखीच्या सुताराला बोलावतात, आणि चांगल्या हाताचा, प्रामाणिक सुतारसुद्धा अडकणारी पट्टी बाहेर काढून तिच्या कडेवरून रंधा फिरवतो. हे थांबावे, म्हणून हा धागा काढत आहे. जुन्या पियानोच्या आतल्या लाकडावर काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या सर्वांनी येथे लिहावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, पियानोतील लाकडाला हत्यार लावण्याआधी त्या लाकडात त्या दिवशी किती ओलावा आहे हे माहीत असले पाहिजे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असते तेव्हा लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी धरून असते. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की तेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास येते. पुण्यात श्रावण आणि चैत्र या दोन महिन्यांत ही दोन्ही टोके गाठली जातात. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ बदलत नाही, पण रेषेच्या (म्हणजे लाकडातील तंतूंच्या) आडव्या दिशेने ते फुगते आणि आक्रसते. म्हणून जुलैमध्ये तासलेल्या दरवाजाला एप्रिलमध्ये जशी फट पडते, तशी पावसाळ्यात तासलेली पट्टी उन्हाळ्यात खडखडते. फरक इतकाच की पांढऱ्या पट्टीची रुंदी जेमतेम २३ मिलिमीटर असते आणि शेजारच्या पट्टीपासून तिचे अंतर एखाद्या मिलिमीटरचे असते, त्यामुळे तिथे पाव मिलिमीटरची चूकही हाताला कळते.

पट्टी अडकते तेव्हा बहुतेक वेळा दोष लाकडाच्या कडेत नसतोच. पट्टीच्या पुढच्या टोकाखाली एक पिन असते आणि मध्यावर, जिथे पट्टी तोलली जाते तिथे, दुसरी. दोन्ही ठिकाणी लाकडातल्या खाचेत लोकरी कापडाचे अस्तर असते, आणि दमट हवेत ते कापड लाकडापेक्षा आधी फुगते. पट्टी पुढून थोडी उचलून सोडावी. ती स्वतःच्या वजनाने शांतपणे खाली बसली तर मधली पिन ठीक आहे असे समजावे. बसली नाही, तर आधी कापड दाबून मोकळे करावे, त्यासाठी रुंद आणि समांतर जबड्यांची खास पक्कड मिळते. एवढ्याने भागले नाही तर दसऱ्यापर्यंत थांबावे. दसऱ्यानंतरही पट्टी अडकत असेल, तरच लाकडाकडे वळावे.

पांढरी_चार

लेख फार उपयोगी आहे. आमच्याकडे ८५ पट्ट्यांचा एक जुना इंग्लिश पियानो आहे. त्यातील एक पट्टी नेमकी मधल्या पिनेपाशी मोडली आहे. शिवाय मंद्र सप्तकातील काही पट्ट्यांच्या बाजूला गोल शिशाचे तुकडे बसवलेले दिसतात, त्यांवर पांढरी भुकटी धरली आहे आणि त्याच जागी लाकडाला उभी चीर गेली आहे. मोडलेल्या पट्टीऐवजी दुसऱ्या एखाद्या जुन्या पियानोची पट्टी आणून बसवता येईल का, आणि ती भुकटी म्हणजे कीड आहे का?

तारसप्तक

दुसऱ्या पियानोची पट्टी बसणार नाही, ताई. एका पियानोच्या सगळ्या पट्ट्या चिकटवून तयार केलेल्या एकाच रुंद फळीतून कापलेल्या असतात. पिनांची भोके फळी अखंड असतानाच पाडलेली असतात आणि प्रत्येक पट्टीवर तिचा क्रमांक ठोकलेला असतो. शेजारची पट्टीसुद्धा तिच्या जागी बसत नाही, मग दुसऱ्या कारखान्यातली कुठून बसणार? त्यामुळे मोडलेली पट्टी कितीही वाईट दिसत असली तरी तिचे दोन्ही तुकडे आणि सुटलेली प्रत्येक चिरफळी जपून ठेवावी.

पट्टी मधल्या पिनेपाशी मोडते याचे कारण तिथे खालून भोक आणि वरून खाच असल्याने लाकूड सर्वांत कमी उरलेले असते. दोन्ही तुकडे सपाट काचेवर किंवा सरळ फळीवर ठेवून, शेजारच्या पट्टीच्या रेषेत आणून, सरस (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुना गोंद) लावून जोडावेत. सांधा पूर्ण वाळल्यावर मोडलेल्या जागेच्या दोन्ही अंगांनी, भोकाच्या पुढे-मागे चार-पाच सेंटिमीटर येईल इतक्या लांबीत, लाकूड साधारण एक मिलिमीटर खोल काढावे आणि तिथे तेवढ्याच जाडीचे व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, रेषा पट्टीच्या लांबीतच ठेवून, चिकटवावे. म्हणजे पट्टीची रुंदी मूळचीच राहते आणि जोड मूळ लाकडापेक्षा मजबूत होतो. भोक लांबट झाले असेल तर आधी त्यात गरम पाण्याचा थेंब सोडून दबलेले तंतू फुगू द्यावेत, मग पातळ केलेला सरस मुरवावा. तरीही पट्टी पुढे-मागे हलत असेल, तर भोक लाकडी डाटाने बुजवून नव्याने पाडावे. मात्र जागा नजरेने ठरवू नये, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या भोकांवर सरळपट्टी ठेवून ठरवावी.

भुकटी ही कीड नव्हे. पट्टीचा तोल साधण्यासाठी बसवलेले शिसे दमट हवेत, लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेने गंजते आणि गंजताना फुगते. कोंडलेल्या जागेत फुगल्यामुळे ते लाकडाला आतून फाडते. असे शिसे बाजूने दाबून काढावे लागते, चिरेत सरस भरून पट्टी हलक्या क्लॅम्पमध्ये धरावी लागते, आणि भोक स्वच्छ केल्यावर तेवढ्याच वजनाचे नवे शिसे, लाकूड न फुटेल इतके सैल, बसवावे लागते. शिशाची भुकटी विषारी असते. हातमोजे आणि मास्क वापरावा, फुंकर मारू नये, कोरडा झाडू फिरवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे, आणि घरात लहान मुले असतील तर हे काम घरात करूच नये.

एक लक्षात ठेवावे. पांढऱ्या पट्ट्यांवरचे आवरण जुने हस्तिदंती असेल तर ते काढून विकण्याचा विचारही करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्या व्यापाराला बंदी आहे. लाकूड दुरुस्त करताना ते आहे तसे जागेवर ठेवावे.

शिवण_आणि_साग

मी लाकडाच्या व्यवसायात आहे, भवानी पेठेतील टिंबर मार्केटशी रोजचा संबंध येतो, म्हणून लाकडाच्या निवडीबद्दल लिहितो. अशा दुरुस्तीसाठी गिऱ्हाईक बहुधा सागवान मागते, कारण आपल्याकडे चांगले लाकूड म्हणजे सागवान हे समीकरण पक्के आहे. पट्टीच्या दुरुस्तीसाठी मात्र मी सागवान देणार नाही. त्यातील तेलामुळे सरस नीट धरत नाही आणि ते मूळ लाकडापेक्षा जड पडते. युरोपातील पट्ट्या बहुधा लाइम, स्प्रूस किंवा पाइन अशा हलक्या लाकडांच्या असतात. स्थानिक लाकडांत शिवण मला सर्वांत जवळची वाटते. ती हलकी असते, हत्याराला मऊ लागते आणि एकदा नीट वाळली की फारशी वाकत नाही. शिसवी सुंदर असली तरी पट्टीच्या कामाला अतिशय जड आहे. कोणतेही लाकूड आणले तरी ते ज्या खोलीत पियानो आहे त्याच खोलीत काही आठवडे ठेवून मगच कापावे.

तारांवर आघात करणाऱ्या हातोड्यांच्या दांड्या आणि त्यामागची लहान यंत्रणा यांसाठी युरोपात हॉर्नबीम आणि अमेरिकेत मेपल वापरतात. त्यांना आपल्याकडचा पर्याय शोधण्यात मला अर्थ वाटत नाही. तयार दांड्या मागवाव्यात किंवा निकामी झालेल्या पियानोतून जपून काढून घ्याव्यात.

पेटीकाम

मी हार्मोनियमची दुरुस्ती करतो, पियानोचे काम थोडेच केले आहे. एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. सरस जुन्या काळी ठीक होता, पण पुण्याच्या पावसाळ्यात सरसाचे सांधे सुटलेले मी नेहमी पाहतो, आणि झुरळे व कसर सरस खातात हेही खरे आहे. बाजारात मिळणारा पांढरा गोंद थंड लावता येतो, तो मजबूत असतो आणि त्याला कीड लागत नाही. मग शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीचा एवढा आग्रह का धरावा?

तारसप्तक

आपला अनुभव खरा आहे, आणि जी खोली पावसाळाभर बंद व ओलसर राहते तिथे सरस कमी पडतो हे मला मान्य आहे. पट्टीच्या अंगाला लावायच्या व्हिनिअरसाठी पांढरा गोंद वापरला तर माझी हरकत नाही, कारण तो सांधा पुन्हा कधी उघडायचा नसतो.

परंतु पियानोत असे अनेक सांधे आहेत जे पुढच्या माणसाला उघडावे लागणार आहेत. हातोडीचे डोके दांडीवर, दांडी तिच्या बुडाशी, पट्टीवरचे आवरण पट्टीवर, हे सगळे झिजणारे भाग आहेत. सरसाचा सांधा उष्णता आणि ओलावा दिला की लाकूड न फाडता सुटतो, आणि जुन्या सरसाच्या थरावर नवा सरस धरतो. पांढरा गोंद एकदा वाळला की त्याच्या पापुद्र्यावर दुसरा गोंद नीट बसत नाही, त्यामुळे तो पूर्ण खरवडावा लागतो, आणि खरवडताना मूळ लाकूड जाते. दुसरे कारण ताणाचे आहे. सतत भार असलेल्या सांध्यात पांढरा गोंद हळूहळू सरकतो, म्हणून घोडीसारख्या, म्हणजे ज्या लाकडी पट्टीवर तारा टेकतात आणि दाब देतात तशा भागात मी तो वापरत नाही.

सरस सुटतो त्याला कित्येकदा तो चुकीचा शिजवल्याचेही कारण असते. दाणे थंड पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, साधारण ६० अंश सेल्सिअसवर तो वितळवावा. उकळला की त्याची ताकद जाते. लाकूडही किंचित कोमट करून घ्यावे, नाहीतर लावता लावताच तो थिजतो आणि सांध्यात शिरत नाही.

पांढरी_चार

हातोड्यांबद्दलही लिहावे. आमच्या पियानोत काही हातोड्या तिरक्या झाल्या आहेत आणि शेजारच्या सुराच्या तारेला घासतात. ट्यूनिंग करणाऱ्या गृहस्थांनी दांडी दिव्यावर धरून वाकवता येते असे सांगितले, त्याची मला धास्ती वाटते.

तारसप्तक

धास्ती वाटणे साहजिक आहे, पण पद्धत खरी आणि जुनी आहे. आकार देण्याच्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत सुंदर वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हातोडीच्या बाबतीत दोन दोष सारखेच दिसतात आणि त्यांचे उपाय मात्र वेगळे असतात. एकात हातोडी तारेकडे जाताना वाटेत बाजूला सरकत जाते. म्हणजे तिचा प्रवासच तिरका असतो. दुसऱ्यात ती सरळ जाते, पण तिचे डोके एका अंगाला कललेले असते. पाच-सहा हातोड्या एका सुट्या सरळ काठीने एकत्र उचलून अगदी सावकाश तारांकडे न्याव्यात आणि त्यांच्यामधल्या फटींकडे पाहावे. जाताना फट बदलत असेल तर प्रवास तिरका आहे, फट तीच राहून डोके कललेले असेल तर कोन चुकलेला आहे. तिरक्या प्रवासाचा दोष दांडीत नसतो. हातोडी ज्या बिजागरीवर फिरते तो लाकडी तुकडा, म्हणजे फ्लँज, आपल्या बैठकीवर किंचित तिरपा बसलेला असतो. तो सोडवून त्याच्या एका कडेखाली कागदाची बारीक पट्टी लावली की तो सरळ होतो. कोणत्या कडेखाली, हे एकदा लावून पाहिले की लगेच कळते. हा दोष आधी काढावा. प्रवास तिरका असताना दांडी पिळली तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पुढच्या पावसाळ्यात दोन्ही उघड्या पडतात.

प्रवास सरळ झाल्यावर कोनाचे काम. लाकडाचे तंतू ज्या लिग्निनने एकमेकांना धरलेले असतात ते उष्णतेने मऊ होते, म्हणून सरळ, बारीक रेषेची दांडी गरम असताना थोडी पिळता येते आणि गार झाल्यावर त्याच आकारात राहते. स्पिरिटच्या दिव्याची लहान ज्योत दांडीच्या मधल्या भागाखाली सतत पुढे-मागे हलवावी. एका जागी थांबली की लाकूड काळे पडते, आणि काळे पडलेले लाकूड कमकुवत झालेले असते. सवय नसेल तर ज्योतीऐवजी गरम हवेचे यंत्र बरे, मात्र हातोडीच्या डोक्यावरच्या फेल्टवर (दाबलेल्या लोकरीच्या थरावर) पत्र्याचा आडोसा धरावा. लाकूड तापले की डोके हवे त्याहून किंचित जास्त फिरवावे आणि गार होईपर्यंत तसेच धरावे. लाकूड कुरकुरले तर तिथेच थांबावे. आधी एखाद्या टाकाऊ दांडीवर सराव करावा, म्हणजे ती किती सोसते हे बोटांना समजते.

दांडी मोडली असेल आणि मोड लांब, तिरकी, ताज्या चिरफळ्यांची असेल, तर सरस लावून दोन्ही भाग घट्ट बसवावेत आणि वाळेपर्यंत दोऱ्याने गुंडाळून ठेवावेत. असा सांधा चांगला टिकतो. आडवी, आखूड मोड चिकटवून उपयोग नाही. तिथे जुने तुकडे दोन्ही टोकांतून काढून नवी दांडी बसवावी लागते. जुन्या दांड्या साडेपाच-सहा मिलिमीटर व्यासाच्या असतात, तरी प्रत्येक वेळी मोजूनच मागवाव्यात.

आपल्या इंग्लिश पियानोत डँपरच्या, म्हणजे सूर थांबवणाऱ्या भागांच्या, तारांचा पिंजरा हातोड्यांच्या पुढे असेल, तर हे काम यंत्रणा बाहेर काढूनच करावे. त्या तारांच्या जाळीतून हात घालून ज्योत नेणे धोक्याचे आहे.

कोथरूडकर_८८

आमच्या पियानोच्या मागच्या बाजूला मोठ्या लाकडी पडद्याला, म्हणजे साउंडबोर्डला, दोन उभ्या चिरा आहेत. एका विक्रेत्याने यावरून पियानो निकामी ठरवला. तसेच पावसाळ्यात आत विजेचा बल्ब लावून ठेवावा का?

शततंत्री

मी बरीच वर्षे पियानोचे ट्यूनिंग आणि दुरुस्ती करत आहे, या प्रश्नाचे उत्तर मी देतो. चीर पडली म्हणून पियानो निकामी होत नाही. साउंडबोर्ड स्प्रूसच्या आठ-नऊ मिलिमीटर जाड फळ्या जोडून केलेला असतो, त्याला किंचित फुगवटा दिलेला असतो आणि मागून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. तो मोकळा असता, तर सव्वा मीटर रुंदीत ओलावा ५ टक्क्यांनी बदलल्यावर त्याची रुंदी आठेक मिलिमीटरने बदलली असती. कडेने आणि मागच्या पट्ट्यांनी बांधलेला असल्यामुळे तो पावसाळ्यात अधिक फुगतो आणि उन्हाळ्यात बसतो. वर्षानुवर्षे असे झाले की एखादी चीर पडते. ती शांत असेल तर तिला हात लावू नये. चिंता मागच्या पट्ट्यांची करावी. चिरेच्या जागी मागची पट्टी साउंडबोर्डपासून सुटली असेल तर विशिष्ट सुरांना झणझण ऐकू येते. बोटाच्या पेराने ठोकून सुटलेली जागा शोधावी आणि तिथे सरस घालून दाब द्यावा.

चीर भरायचीच असेल तर ती होळीनंतर, हवा सर्वांत कोरडी असताना भरावी, कारण तेव्हा ती पूर्ण उघडलेली असते. तिला पाचरीच्या आकाराची स्वच्छ खाच देऊन, त्याच रेषेची स्प्रूसची पाचर सरसाने बसवून, वरचा भाग धारदार पटाशीने सपाट करावा. पावसाळ्यात मिटलेल्या चिरेत गोंद ओतून काहीच साधत नाही.

घोडीला, विशेषतः तार सप्तकात, पिनांच्या ओळीने चिरा गेल्या असतील तर ते मात्र गंभीर आहे. पिन हलू लागली की एकट्या तारेतही लहरता सूर ऐकू येतो आणि तो ट्यूनिंगने जात नाही. केसाएवढ्या चिरा असतील तर तारा सैल करून, पिना काढून, पातळ इपॉक्सी मुरवून पिना परत बसवता येतात. लाकूड फाटलेलेच असेल तर घोडीचा वरचा थर काढून कठीण मेपलचा नवा थर चढवावा लागतो आणि प्रत्येक तारेसाठी पटाशीने नवी खाच घ्यावी लागते. हे काम घरी करू नये. सर्व तारांचा मिळून ताण पंधरा ते वीस टनांच्या घरात असतो. तो एका बाजूने उतरवला तर चौकट आणि लाकूड दोन्हींना इजा होते.

बल्बबद्दल सांगायचे तर जुने लोक तो लावत असत, आणि काहीच नसण्यापेक्षा तो बरा होता. पण तो लाकडाला एकाच जागी तापवतो, आणि पाऊस उघडल्यावरही विसरून चालू राहिला तर नुकसान करतो. आधी खोलीत आर्द्रतामापक ठेवावा. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर जाऊ लागली की डीह्युमिडिफायर लावावा, आणि एप्रिलमध्ये कूलरचा झोत पियानोवर येणार नाही हे पाहावे.

शिवण_आणि_साग

तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सैल झाल्या असतील तर त्या ज्यात बसतात तो लाकडी ठोकळा बदलून सागवानाचा बसवावा, असे एका गिऱ्हाइकाला कोणीतरी सांगितले आहे. यावर मत द्यावे.

शततंत्री

तसे करू नये. १८२५ साली बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले, आणि पुढे तारांचा मुख्य भार अशा चौकटीवर गेला. तरी खुंटी धरून ठेवण्याचे काम आजही लाकडी ठोकळ्याकडेच आहे. खुंटीचा व्यास साधारण ७ मिलिमीटर असतो आणि ती केवळ घर्षणाने उभी राहते. म्हणून हा ठोकळा मेपल किंवा बीचच्या, रेषा आलटून पालटून चिकटवलेल्या थरांचा असतो. तेलकट सागवानात ती पकड मिळणार नाही. थोड्या खुंट्या सैल असतील तर एक आकार मोठ्या खुंट्या घालाव्यात. अनेक सैल असतील आणि ठोकळा फाटलेला नसेल, तर पियानो आडवा करून पातळ सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) खुंटीच्या मुळाशी मुरवतात. तो उपाय उलटवता येत नाही, म्हणून मी तो शेवटी ठेवतो; पण ज्या पियानोवर ठोकळा बदलण्याइतका खर्च कोणी करणार नाही, तो त्यामुळे पुन्हा वाजता होतो.

पांढरी_चार

सर्वांचे आभार. मोडलेली पट्टी आणि तिच्या चिरफळ्या डबीत ठेवल्या आहेत, आणि आर्द्रतामापक आजच आणला. आता तो ७८ टक्के दाखवत आहे. काम केव्हा सुरू करावे?

तारसप्तक

आकडा ५५ च्या खाली येऊन दोनेक आठवडे स्थिर राहू द्या, दिवाळीनंतर बहुधा तशी हवा मिळेल. तोपर्यंत शिसे गंजलेल्या पट्ट्या क्रमांकानुसार बाहेर काढून सपाट जागी पसरून ठेवा आणि त्यांच्यावर वजन ठेवू नका. हातोड्यांचे काम पट्ट्या परत बसल्यावर करू.